चेंडूला विटाळ नव्हता

यंदा जयंतीच्या तोंडावर आमच्या रिद्धपूरच्या वस्तीत एक वाद झाला आणि फिरत फिरत तो आमच्या दारात आला. वस्तीतली पोरे दरवर्षी टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरवतात. मोर्शीकडची, चांदूर बाजाराकडची खेडी संघ पाठवतात, भोंगा लागतो, विहाराच्या ओट्यावर शिल्ड मांडून ठेवली जाते. यंदा पोरांच्या मनात आले की मंडपात बाळू पालवणकरांचा फोटो लावायचा. अस्पृश्य समाजातून आलेला हिंदुस्थानातला पहिला मोठा क्रिकेटपटू, असे कुणीतरी मोबाईलवर वाचले होते. फोटो मोठा करून आणलासुद्धा. तेवढ्यात नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले आमचे एक जुने कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "पोट्टेहो, ज्यानं बाबासायबाच्या इरोधात निवडनूक लढवली, त्याचा फोटो बाबासायबाच्या बाजूले लावता काय? वाचत जा ना बे जरा." पोरे गप्प झाली. फोटो गुंडाळून विहाराच्या कपाटात गेला.

मग पोरेही आली आणि आबाजीही आले. "तुमी पेपरात लिहिता, तुमीच सांगा," असा दोन्हीकडून आग्रह. हो किंवा नाही म्हणून मोकळे होता आले असते. पण बसल्यावर लक्षात आले की पोरांना बाळूचे मैदान तेवढे माहीत आहे आणि आबाजींना १९३७ ची निवडणूक तेवढी. मधला माणूस कुणालाच माहीत नाही. म्हणून या वेळचे सदर बाळूसाठी. माताभगिनींनीही वाचावे, कारण शेवटी घरातल्या पोरापोरींच्या खेळाचा विषय निघणार आहे.

पालवणकर हे कोकणातल्या पालवण गावावरून पडलेले आडनाव. जात चांभार. बाळूचा जन्म धारवाडचा, साल १८७६. वडील लष्करी खात्यात कामाला, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. लष्कराच्या आसऱ्याने आपल्या किती घराण्यांची पहिली पिढी उभी राहिली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच. साहेब लोक खेळून टाकून देत ते चेंडू आणि बॅटी घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा फार झाली नाही. बाळूची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि तिच्यावर रूळ फिरवण्याची. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास तो युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेला. तिथे ४ रुपये. काम तेच: मैदान झाडायचे, जाळी बांधायची, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

या चेंडू टाकण्यातूनच सगळे घडले. बाळू डावखुरा, संथ गतीचा फिरकी गोलंदाज. ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज होता. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूला गोलंदाजी करायला लावी. बाळूने बाद केले की दर वेळी आठ आणे देई, अशी गोष्ट सांगतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्याला आठ आणे म्हणजे काय, हे रोजंदारीवर जाणाऱ्याने सांगावे. बाळूची बोटे तिथे तयार झाली. पण एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. शेकडो तास त्याने साहेबांना चेंडू टाकले, पण फलंदाजीचा सराव त्याला कुणी दिला नाही. बॅट साहेबाची, घाम नोकराचा. ग्रेगने त्याला गोलंदाज बनवले हे खरे, पण ते स्वतःच्या फलंदाजीसाठी. आम्ही यात उपकार शोधत नाही.

त्याच काळात पुण्यातल्या हिंदूंनी आपला संघ बांधला होता. साहेबांना हरवायचे तर बाळू हवा आणि बाळू तर अस्पृश्य. मोठी चर्चा झाली. काही तेलुगू सभासद अनुकूल होते, काही ब्राह्मण सभासद विरुद्ध. शेवटी जिंकायची गरज धर्मशास्त्रापेक्षा मोठी ठरली आणि बाळूला घेतले. आता पाहा कशी व्यवस्था झाली ती. मैदानात बाळूने टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक झेलणार, परत बाळूकडे फेकणार, बाळू तोच चेंडू पँटला घासून पुन्हा टाकणार. चेंडूला विटाळ नव्हता. खेळ थांबला आणि चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनीमातीच्या कपातून चहा पिणार आणि बाळूला चहा बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. तोंड धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचे, तिथे अस्पृश्य नोकरानेच पाणी घालायचे. जेवायला वेगळे ताट, वेगळे टेबल.

आमच्या माताभगिनींनी हे दोनदा वाचावे. ज्या हाताने गडी बाद केले तो हात यांना हवा होता. त्या हाताला पाणी द्यायला मात्र ते तयार नव्हते. बाळूने सातारच्या गोऱ्यांच्या संघाचे सात गडी टिपले, तेही त्याची फिरकी बोथट व्हावी म्हणून मुद्दाम रूळ फिरवून कडक केलेल्या खेळपट्टीवर. पुण्याला परत आल्यावर कौतुक झाले. बरोबर खेळायला चालते तर बरोबर जेवायला का चालू नये, असे न्यायमूर्ती रानड्यांनी सुचवल्याचे सांगतात. सुधारक लोक असे बोलत. बाळूचा चहा मात्र बाहेरच येत राहिला.

आम्ही ज्या गावात राहतो ते महानुभावांचे रिद्धपूर. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहिले. ते अस्पृश्यांच्या घरी बेधडक जात आणि त्यांच्या हातचे खात, अशा लीळा आहेत. त्यानंतर सहाशे वर्षे होऊन गेली तरी पुण्यासारख्या शिकल्या शहरात शिकले लोक एका गोलंदाजाला कप द्यायला तयार नव्हते. संताने विटाळ मोडला म्हणून समाजाचा विटाळ मोडत नाही, हे आम्हाला इथे राहून नीट कळले आहे.

कोणी म्हणेल, हे आपल्याच देशाचे दुखणे. तसे नाही. रिद्धपूरच्या उन्हात बर्फाची गोष्ट सांगतो म्हणून हसू नका. अमेरिकेत बर्फावर धारदार पात्यांचे बूट घालून नाचाप्रमाणे खेळतात तो खेळ, फिगर स्केटिंग, आता पोरी टीव्हीवर पाहतात. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मेबल फेअरबँक्स नावाची एक काळी मुलगी हा खेळ शिकली. अंगात आफ्रिकी आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे रक्त. तिला बर्फाच्या मैदानात शिरू देईनात आणि क्लबात घेईनात. क्लब नाही म्हणून राष्ट्रीय स्पर्धा नाही. म्हणजे तिथेही दार तेच. तिने मग स्वतःचे प्रयोग करून पोट भरले आणि पुढे लॉस एंजेलिसला शिक्षिका झाली. जिला कुणी आत घेतले नाही तिने इतरांच्या मुलांना आत नेले. तिच्या हाताखाली शिकलेल्यांत ताई बॅबिलोनिया नावाची एक मुलगी होती. आफ्रिकी, फिलिपिनो आणि तिथल्या आदिवासी वंशाचा मिळून तिचा वारसा. रँडी गार्डनर या गोऱ्या मुलाबरोबर मेबलबाईंनीच लहानपणी तिची जोडी जमवली. ही जोडी १९७६ ते १९८० अशी ओळीने पाच वर्षे अमेरिकेची विजेती झाली आणि १९७९ साली जगज्जेती. १९८० च्या लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकला सगळ्या देशाचे डोळे त्यांच्याकडे लागले होते आणि ऐन वेळी रँडीच्या दुखापतीमुळे त्यांना मैदान सोडावे लागले. पदक गेले. जगज्जेतेपद मात्र कुणी काढून घेऊ शकले नाही. मेबलबाईंना अमेरिकेच्या फिगर स्केटिंगमधल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतले ते १९९७ साली, वयाच्या ऐंशीनंतर.

या खेळात एक मेख आहे आणि ती बाळूच्या गोष्टीत कामाला येते. बर्फावरच्या खेळात गुण पंच देतात, डोळ्यांनी पाहून. कोण सुंदर खेळले, कोण कमी, हे त्यांच्या मनावर. क्रिकेटमध्ये दांडी उडाली की उडाली, ब्राह्मणाची उडो की साहेबाची. म्हणून बाळूला गोलंदाज म्हणून कुणी अडवू शकले नाही. आकडे समोर होते. पण कप्तान कोण, हे दांडी ठरवत नाही. ते चार लोक बसून ठरवतात, डोळ्यांनी पाहून. तिथे बाळू अडला. ती गोष्ट पुढे येईल, आधी आकडे पाहू.

प्लेगच्या दिवसांत, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला आला. पुढे बीबीसीआय रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ सुरू झाला. तिथेही आधी काही सभासदांनी नाके मुरडली, कप्तानाने ठाम राहून त्याला घेतले. १९०६ साली मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा पहिला मोठा सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूने दोन्ही डावांत मिळून ८ गडी बाद केले आणि शिवरामही त्या संघात होता. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. देशभर आनंद झाला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले आणि हरवणाऱ्यांत दोन चांभार भाऊ! पुढच्या वर्षी पुन्हा हरवले. पुण्यात बाहेर चहा पिणारा बाळू मुंबईत आता संघाबरोबर बसून जेवत होता. हे खेळाने केले, हे कबूल करायला आम्हाला संकोच नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीत हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ एकंदरीत हरला. सर्व सामने मिळून बाळूने मात्र ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. खांदा दुखत होता, वय पस्तीस. लेस्टरशायरला हरवले त्या सामन्यात एकट्याने अकरा गडी. तिथल्या क्लबांनी आपल्याकडे खेळायला ये म्हणून बोलावले असे सांगतात. तो परत आला. मुंबईत अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र लिहिण्यात वीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा हात होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. आबाजी, हे वाक्य तुमच्यासाठी मुद्दाम मोठ्याने वाचतो. त्या वेळी आपल्या समाजाला जगापुढे दाखवायला जो एक माणूस होता तो बाळू होता आणि तरुण भीमरावांनाही त्याचा अभिमान वाटत होता.

आता कप्तानीचे. १९१२ पासून मुसलमानांचाही संघ आला आणि चौरंगी सामने सुरू झाले. अनुभवाने आणि कर्तृत्वाने बाळू सर्वांत मोठा. कप्तान मात्र दर वेळी दुसराच, उच्च जातीचा. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै हे सज्जन गृहस्थ होते. हा मान खरे तर माझ्या ज्येष्ठ मित्राला, बाळूला मिळायला हवा होता, असे त्यांनी सत्काराच्या सभेत बोलून दाखवले. बोलून दाखवणे आणि खुर्ची सोडणे यांत अंतर असते, पण बोलले हेही खरे. बाळू गप्प राहिला. तो स्वभावाने शांत, भिडस्त. साहेबाच्या मैदानावर रूळ ओढणाऱ्या पोराला गप्प राहायची सवय लागते. आम्ही त्याला दोष देत नाही. आमचे आजोबाही पाटलाच्या वाड्यासमोर गप्पच उभे राहत.

गप्प बसले नाहीत ते भाऊ. धाकटा विठ्ठल हा मोठा फलंदाज. १९२० साली बाळूला सामन्यातून वगळले. पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठलला डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांना कप्तान केले. देवधर मोठे खेळाडू होते, पुढे त्यांच्या नावाचा चषकही झाला, पण त्या वेळी ते विठ्ठलच्या मागचे होते. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी संघ सोडला आणि वर्तमानपत्रात उघड लिहिले की हा जातीमुळे झालेला अन्याय आहे. क्रिकेटच्या मैदानावर हा पहिला सत्याग्रह म्हणायला हरकत नाही. गाजावाजा झाला. लोकमत भावांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्याला पै परतले, बाळूला उपकप्तान केले, भाऊ संघात आले, आणि पै अधूनमधून मैदान सोडून बाहेर जात, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळू कप्तान. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला असा चोरून मान! वाचताना घशात अडकते.

बाळू त्यानंतर खेळातून बाहेर पडला. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, सरासरी १५.२१. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, म्हणजे कसोटी त्याच्या वाट्याला आलीच नाही. पण १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला, संघाने युरोपियनांना हरवून चषक जिंकला आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवले. थोरल्याला जे नाकारले ते धाकट्याने हक्काने मागून मिळवले. मेबलबाई आणि ताई यांची गोष्ट आम्ही मघाशी सांगितली ती याचसाठी.

इथवर पोरांचा बाळू. आता आबाजींचा.

विठ्ठल खांद्यावर मिरवला त्याला चार वर्षे होतात तोवर महाड झाले. २० मार्च १९२७, चवदार तळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीला आले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्याच वेळी थोरल्या भावाच्या, बाळारामांच्या निधनाची तार त्यांच्या हाती आली. आपल्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी ही गोष्ट सांगत सांगत आमच्यापर्यंत आणली. खेळाडूला खांद्यावर घेणाऱ्या समाजाने तळ्यावर काय केले, तर लाठ्या चालवल्या आणि नंतर तळे 'शुद्ध' करून घेतले. विठ्ठलला खांदा मिळाला, महाडच्या महारा-चांभाराला ओंजळभर पाणी नाही. बाबासाहेबांनी यावरून जे ओळखले ते असे की एका गुणवंताला आत घेतल्याने बाहेर उभ्या असलेल्या हजारोंचे काही होत नाही, त्यासाठी कायदा हवा, सत्ता हवी, स्वतःचे मतदान हवे.

बाळूने वेगळे ओळखले. त्याच्या आयुष्यात दारे एकेक करून उघडली होती. पुण्याचा मातीचा कप, मुंबईचे एकत्र जेवण, उपकप्तानी, भावाची कप्तानी. त्याला वाटले, हिंदू समाज असाच हळूहळू बदलेल, गांधीजी तो बदलतील. म्हणून १९३२ साली त्याने स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला विरोध केला आणि मद्रासच्या एम. सी. राजांच्या बाजूने उभा राहिला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूचीही आहे. एकाने गांधीजींचा प्राण वाचवण्यासाठी जड अंतःकरणाने केली, दुसऱ्याने मनापासून. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली तीही बाळूला पटली नाही. आणि १९३७ साली मुंबईत ई आणि एफ वॉर्डाच्या राखीव जागेवर काँग्रेसने स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांविरुद्ध त्याला उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा. गिरणगावच्या मजुरांनी बाबासाहेब निवडले, थोडक्यात पण निवडले.

आमचे मत विचाराल तर बाळूचा हा निर्णय चुकला होता. त्याच्यावर काँग्रेसने केलेला प्रयोग तर आणखी वाईट होता. ज्या समाजाने त्याला वीस वर्षे कप्तान केले नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना तो एकदम पुढारी म्हणून चालला, कारण समोर आंबेडकर होते. आपला माणूस आपल्याच माणसावर घालायचा, ही रीत तेव्हापासूनची. आज ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा मनाशी घोळवावे.

पण एक गोष्ट आबाजींनाही विचारायची होती, ती आम्ही विचारली. राग १९३७ चा आहे, की त्याच्या जातीचाही थोडा आहे? आबाजी चपापले. चांभार समाज बहुसंख्येने धम्मात आला नाही, म्हणून वस्तीत बोलताना तो 'त्यायचा मानूस' होतो. पोरांच्या संघात मात्र चांभारांच्या घरचे दोन गडी आहेत, त्यांतला एक डावखुरा आहे आणि सगळ्यांत जास्त बळी त्याचेच. सामना जिंकायचा असला की तो आपला. जिंकून झाल्यावर तो कुणाचा? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या जिमखान्याला पडायला हवा होता, आज तो विहाराच्या ओट्यावर पडायला हवा. आबाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोटो लावा, पन खाली सगळं लिवा." आमचेही म्हणणे तेच होते. बाबासाहेबांच्या शेजारी नव्हे, शिल्डच्या टेबलावर लावा. खाली लिहा: ३३ सामने, १७९ बळी, मातीचा कप, पुणे करार आणि १९३७ ची ती दोन हजार वीस मते. बाबासाहेबांनी त्याला मतपेटीत हरवले, आपण त्याला कपाटात बंद करायचे कारण नाही. बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारला. नागपूरची दीक्षा त्यानंतर सव्वा वर्षाने.

आता घरातल्या पोरापोरींचे. आमच्याकडे आया येतात आणि विचारतात, पोरगं दिवसभर मैदानात असते, याचे पुढे होणार काय? संत्र्याच्या तोडीला जाऊन शाळेची फी भरणाऱ्या बाईचा हा प्रश्न खरा आहे. खेळाने पोट भरतेच असे आम्ही सांगणार नाही. आपल्या विदर्भातला उमेश यादव कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, तो २०११ साली कसोटी खेळला. अमरावतीचा जितेश शर्मा देशाच्या संघापर्यंत गेला. पण असे हजारांत एक. बाकीच्यांसाठी दोन गोष्टी हाताशी आहेत आणि आपल्या वस्त्यांत त्या ठाऊक नसतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. मात्र टेनिस चेंडूच्या गल्लीतल्या सामन्यांचे प्रमाणपत्र यासाठी चालत नाही. शाळेमार्फत नोंद झालेली, मान्यता असलेल्या स्पर्धेतली कामगिरी लागते. म्हणून शाळा उघडली की वर्गशिक्षकांना नुसते "पोराचं नाव घाला" म्हणू नका. कोणत्या खेळात, कोणत्या गटात नाव गेले, ते विचारा. मिळालेले प्रत्येक प्रमाणपत्र जातीच्या दाखल्याबरोबर एकाच पिशवीत ठेवा. शंका असेल तर अमरावतीला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि पोरींना फक्त टाळ्या वाजवायला बसवू नका. धावणे, कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना बूट आणि बॅट लागत नाही. क्रिकेटचा सगळा खर्च पोरावर आणि पोरगी भांड्यापाशी, हा हिशेब आम्हाला पुष्कळ घरांत दिसतो. बाळूला बॅट न देणाऱ्या साहेबाचा आपल्याला राग येतो, तो राग घरातही थोडा वापरावा.

जाता जाता एक विनंती. विठ्ठल पालवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' नावाचे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली निघाले. आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या वाचनालयांत, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या पेटीत त्याची प्रत असण्याचा संभव आहे. कुणाला सापडली तर रद्दीत घालू नका, आम्हाला कळवा. आम्ही स्वतः येऊन पाहू, आणि मालकाची परवानगी असेल तर त्यातला मजकूर वाचून त्याबद्दल याच पानावर लिहू.

जयभीम.